वाचकांचे प्रश्न : कोऱ्या वहीचा डाव

युद्धकाळातील हेरकथांवर आधारलेल्या चित्रपटांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ‘व्हेअर ईगल्स डेअर’ या १९६८ सालच्या एकाच चित्रपटाविषयी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. उत्तरे देताना कथेतील रहस्ये उघड करणे अटळ होते. ज्यांनी हा चित्रपट अद्याप पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग हे पान वाचावे, ही विनंती. पत्रलेखकांची नावे न देता केवळ ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न : कॉलेजात असताना मित्रांबरोबर हा चित्रपट पाहिला होता, परवा मुलाबरोबर घरी पुन्हा पाहिला. मुलाचे म्हणणे असे की, शेकडो जर्मन सैनिक गोळ्या झाडतात आणि नायकांना खरचटण्यापलीकडे काही होत नाही, असला चित्रपट आज कोण पाहणार? मला मात्र अडीच तास जागचे हलता आले नाही. यात माणसाला धरून ठेवणारे असे नेमके काय आहे?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा आक्षेप उत्तरार्धापुरता रास्त आहे. क्लिंट ईस्टवुड यांचा लेफ्टनंट शाफर किल्ल्याच्या बोळात दोन्ही हातांत दोन मशीनगन घेऊन उभा राहतो, तेव्हा वास्तवाचा हिशेब तेथेच संपतो, आणि दिग्दर्शक ब्रायन हटन यांनी तो मांडण्याचा आवही आणलेला नाही. परंतु त्या धुमश्चक्रीपाशी येईपर्यंत चित्रपटाने आपल्याला पुरते गुंतवलेले असते, आणि ते गुंतवणे गोळीबाराने झालेले नसते.

कथेचा आरंभ अगदी सरळ आहे. युरोपात दुसरी आघाडी उघडण्याच्या योजनेची खडानखडा माहिती असलेला कार्नाबी नावाचा अमेरिकन जनरल विमान कोसळल्यामुळे जर्मनांच्या हाती लागतो. त्याला आल्प्स पर्वतातील ‘श्लॉस आडलर’ या किल्ल्यात ठेवले जाते, आणि तेथे जाण्याची वाट म्हणजे दरीवरून जाणारा रोपवे. जनरल तोंड उघडण्यापूर्वी त्याला सोडवून आणण्यासाठी मेजर स्मिथच्या नेतृत्वाखाली सात जणांची तुकडी जर्मन गणवेशात, पॅराशूटच्या साहाय्याने बर्फात उतरवली जाते. एवढे ऐकले की प्रेक्षक मनाशी ठरवून टाकतो की ही एका सुटकेची गोष्ट आहे.

पण बर्फात उतरल्यावर काही मिनिटांतच पहिला खडा लागतो. बिनतारी यंत्र चालवणारा सार्जंट हॅरॉड मान मोडून मरून पडलेला सापडतो. उडी चुकली असेल, असे इतरांना वाटते. स्मिथ मृतदेहाजवळ बसून मान नीट न्याहाळतो, उठतो आणि चकार शब्द काढत नाही. पुढे सगळे एका लाकडी खोपटात आसऱ्याला असताना तो सांकेतिक शब्दांची वही मागे राहिल्याची सबब सांगून बाहेर पडतो, आणि जिचा तुकडीत कोणालाच पत्ता नाही अशा मेरी नावाच्या महिला हेराला भेटतो. ती त्यांच्याच विमानातून, त्यांच्या मागोमाग उतरलेली असते. येथे आपल्या लक्षात येते की, ज्याच्या शेजारी आपण बर्फ तुडवत चाललो आहोत तो नायक आपल्यालाही विश्वासात घेत नाही. रिचर्ड बर्टन यांचा तो धीरगंभीर, काहीही न सांगणारा चेहरा या कामासाठी फार उपयोगी पडला आहे. चित्रपटाची खरी पकड येथे आहे, असे माझे ठाम मत आहे. तुकडीतला फितूर कोण, एवढेच कोडे असते तर ते तासाभरात विरले असते. मोहीमच खरी आहे की नाही, ही शंका मात्र शेवटच्या दृश्यापर्यंत मनात टोचत राहते.

प्रश्न : किल्ल्याच्या दिवाणखान्यातला प्रसंग मी दोनदा पाहिला, तरी कोण कोणाचा हेर आहे हे मला नीट समजले नाही. स्मिथ आधी इंग्रजांचा, मग जर्मनांचा, मग पुन्हा इंग्रजांचा कसा होतो? कृपया उलगडून सांगावे.
(एक वाचक, उचगाव)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण माझ्या दृष्टीने हा प्रसंग म्हणजेच हा चित्रपट आहे. रोपवेवरच्या मारामारीची वाहवा पुष्कळ होते. या दिवाणखान्याची मात्र तेवढी होत नाही.

प्रसंगाच्या आरंभी शेकोटीसमोर जनरल रोझमायर आणि कर्नल क्रामर हे जर्मन अधिकारी कार्नाबीची चौकशी करीत बसले आहेत. तेवढ्यात स्मिथच्याच तुकडीतले थॉमस, बर्कली आणि ख्रिस्टियनसन हे तिघे त्यांच्या बाजूला येऊन बसतात. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात राहून जर्मनांसाठी काम करणारे ते घरभेदी आहेत. वरच्या सज्जातून स्मिथ आणि शाफर बंदुका रोखून खाली येतात. आता सुटका होणार, असे वाटत असतानाच स्मिथ शाफरला शस्त्र खाली टाकायला लावतो आणि जाहीर करतो की आपण जर्मन गुप्तचर खात्याचा मेजर योहान श्मिट आहोत, हे तिघे तोतये आहेत आणि हा जनरलही नकली आहे.

यातले शेवटचे विधान पूर्ण खरे आहे. कार्नाबी म्हणून पकडला गेलेला माणूस कार्टराइट जोन्स नावाचा नट आहे. असत्य गळी उतरवण्यासाठी स्मिथने आधी एक सत्य उघडे केले, आणि हे सत्य इतके मोठे आहे की पुढच्या प्रत्येक वाक्याला ते तारण राहते. नंतर तो क्रामरला बाजूला घेतो, आपल्या वहीत एक नाव लिहून दाखवतो आणि इंग्लंडमधील जर्मनीचा सर्वांत वरचा हेर हाच ना, असे विचारतो. क्रामर मान डोलावतो. पडद्यावर ते नाव आपल्याला दिसत नाही. इटलीतील जर्मन मुख्यालयात दूरध्वनी लावून स्मिथची ओळखही पटवली जाते. इतकी पूर्वतयारी त्याने केलेली असते.

आता त्या तिघांवर आपण खरे जर्मन हेर आहोत हे सिद्ध करण्याची पाळी येते. स्मिथ सुचवतो की, त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या सगळ्या साथीदारांची नावे लिहून काढावीत. आपल्याजवळच्या मूळ यादीशी ती ताडून पाहता येतील. तिघांना वह्या दिल्या जातात आणि ते जीव वाचवण्यासाठी खाली मान घालून भराभर लिहू लागतात. लिहून झाल्यावर क्रामर स्मिथची वही उघडतो, पाने उलटतो, आणि पाने कोरी निघतात. मूळ यादी कधी नव्हतीच. ब्रिटनमधील जर्मन हेरांची नावे कोणालाही मारहाण न करता, शत्रूच्याच किल्ल्यात, शत्रूच्याच अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्या हेरांच्याच हस्ताक्षरात मिळवणे, ही खरी मोहीम होती. जनरलची सुटका हा नुसता देखावा होता. स्मिथ आरंभापासून शेवटपर्यंत इंग्रजांचाच माणूस आहे. मधल्या काळात बदलते ती केवळ आपली त्याच्याविषयीची समजूत.

वहीतले ते पहिले नाव शेवटी विमानात कळते. मोहिमेवर पाठवणाऱ्या वरिष्ठांपैकी कर्नल टर्नर हाच तो सर्वांत वरचा हेर असतो, आणि क्रामरने मान डोलावून स्वतःच्या नकळत त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेली असते. टर्नर स्मिथवर बंदूक रोखतो, पण त्या बंदुकीची फायरिंग पिन मोहिमेपूर्वीच काढून ठेवलेली आहे. मग त्याच्यापुढे खटला किंवा विमानाचे उघडे दार, हे दोनच मार्ग उरतात, आणि तो पॅराशूटविना उडी घेतो. शाफर हा एकटा अमेरिकन या तुकडीत का, याचेही उत्तर यातच आहे. ब्रिटिश खात्यातला कोणता माणूस फुटला आहे याची खात्री नसल्याने, त्या खात्याशी काडीचाही संबंध नसलेला एक तरी माणूस स्मिथला सोबत हवा होता.

प्रश्न : या कथेला इतिहासाचा काही आधार आहे का?
(एक निवृत्त इतिहास शिक्षिका, शिवाजी पेठ)

उत्तर : कथा सर्वस्वी काल्पनिक आहे. श्लॉस आडलर नावाचा असा किल्ला नव्हता आणि कार्नाबीही नव्हता. मात्र ज्या भीतीवर कथा उभी आहे ती भीती खरी होती, आणि हे दाखवणाऱ्या तीन गोष्टी आपल्याला आवडतील असे वाटते.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी जी चढाई झाली तिचे ठिकाण आणि वेळ ठाऊक असलेल्या मोजक्या लोकांसाठी ‘बिगट’ असा सांकेतिक दर्जा ठरवलेला होता. या चढाईची रंगीत तालीम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चालू असताना २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे जर्मन टॉर्पेडो नौकांनी अमेरिकन जहाजांवर हल्ला चढवला. त्यात सातशेहून अधिक माणसे दगावली आणि बिगट दर्जाचे दहा अधिकारी बेपत्ता झाले. त्यांपैकी एखादा जरी जर्मनांच्या हाती जिवंत लागला असेल तर सगळा बेत फसला, या धास्तीने शोध घेण्यात आला आणि अखेर दहाही मृतदेह सापडले. कार्नाबी पकडला गेल्यावर चित्रपटातील अधिकाऱ्यांची जी घालमेल होते ती या घटनेच्या शेजारी ठेवून पाहिली की मुळीच अतिशयोक्त वाटत नाही.

नकली सेनानीचा प्रयोगही प्रत्यक्षात झाला होता. क्लिफ्टन जेम्स हा रंगभूमीवरचा नट ब्रिटिश सैन्याच्या वेतन खात्यात काम करीत होता आणि त्याचा चेहरा जनरल माँटगोमेरी यांच्याशी विलक्षण मिळताजुळता होता. मे १९४४ मध्ये त्याला माँटगोमेरी म्हणून जिब्राल्टर आणि अल्जियर्स येथे मिरवण्यात आले, जेणेकरून चढाई फ्रान्सच्या दक्षिणेकडून होणार असा जर्मनांचा समज व्हावा. पहिल्या महायुद्धात या नटाचे एक बोट गेले होते; ते उणेपण दिसू नये म्हणून त्याला कृत्रिम बोट बसवण्यात आले.

तिसरी गोष्ट चित्रपटाच्या अगदी उलट आहे. ब्रिटनमध्ये असलेले जर्मन हेर युद्धकाळात जवळजवळ सगळेच पकडले गेले होते किंवा ब्रिटिशांनी त्यांना आपल्या बाजूला वळवून त्यांच्याकरवी जर्मनीला खोट्या बातम्या पुरवल्या होत्या. या कामाची देखरेख करणाऱ्या समितीचे प्रमुख जॉन मास्टरमन यांनी ही हकिकत पुस्तकरूपाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे चित्रपट येऊन गेल्यानंतर. उच्चपदस्थ घरभेदी ब्रिटिश खात्यात खरोखरच होता, पण तो जर्मनीचा नव्हता. किम फिल्बी हा अधिकारी वर्षानुवर्षे सोव्हिएत रशियासाठी काम करीत राहिला आणि १९६३ मध्ये मॉस्कोला पळून गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी जेव्हा पडद्यावर टर्नर उघडा पडला, तेव्हा इंग्लंडमधल्या प्रेक्षकांच्या मनात कोणाचे नाव आले असेल हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : रोपवेच्या छपरावरील मारामारी खरोखर दरीवर चित्रित केली आहे काय? आणि तो किल्ला कोठे आहे?
(एक विद्यार्थी, शाहूपुरी)

उत्तर : किल्ला आणि रोपवे दोन्ही खरे आहेत, पण ते एकमेकांपासून दूर आहेत. किल्ला म्हणजे ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या दक्षिणेस वेर्फेन गावावर उभा असलेला होहेनवेर्फेन, ज्याची उभारणी अकराव्या शतकात सुरू झाली. आज तो पर्यटकांसाठी खुला आहे. रोपवे एबेनझे गावाजवळच्या फॉयरकोगेल पर्वतावरचा आहे. ही दोन ठिकाणे संकलनात इतक्या सफाईने जोडली आहेत की पाहताना शंकाही येत नाही.

बर्टन आणि त्यांचे सहकलाकार यांचे जवळून घेतलेले चेहरे स्टुडिओत चित्रित झाले; त्यांच्या मागे हलणारी दरी आधी टिपलेली आहे, आणि आजच्या सरावलेल्या डोळ्यांना तो जोड ओळखू येतो. परंतु लांबून दिसणाऱ्या दृश्यांत, बर्फाने निसरड्या झालेल्या डब्याच्या छतावर, खरी माणसे आहेत. एका डब्यावरून समोरून येणाऱ्या दुसऱ्या डब्यावर घेतलेली उडी बर्टन यांच्या जागी आल्फ जॉइंट या साहसवीराने घेतली. या दृश्यांच्या पथकाची धुरा याकिमा कनट यांच्याकडे होती, ज्यांनी १९५९ च्या ‘बेन हर’मधील रथांची शर्यत घडवून आणली होती. आपण चित्रपटाचा अभ्यास करीत असाल तर एक गोष्ट आवर्जून पाहावी. मारामारी रंगात येते तशी रॉन गुडविन यांचे संगीत बाजूला होते की नाही, आणि तारेचा करकराट व वारा किती वेळ तुमच्या कानांवर येत राहतो, हे घड्याळ लावून टिपावे. सुरुवातीला बर्फाळ डोंगरांवरून उडणारे युंकर्स विमान आणि त्याखालचा तो ढोलांचा ठेका यांच्याशी ते ताडून पाहिल्यास पार्श्वसंगीताविषयी पुष्कळ शिकता येईल.

जाता जाता एक उणीव. किल्ल्याच्या प्रांगणात उतरणारे हेलिकॉप्टर बेल ४७ जातीचे आहे, ज्याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर झाले.

प्रश्न : चित्रपट कादंबरीवरून घेतला की कादंबरी चित्रपटावरून?
(एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : अ‍ॅलिस्टर मॅक्लीन यांनी ही कथा निर्माते एलियट कास्टनर यांच्या सांगण्यावरून मुळात पटकथा म्हणून लिहिली. कादंबरी १९६७ मध्ये, चित्रपटाच्या आधी प्रसिद्ध झाली, त्यामुळे आपल्यासारखाच अनेकांचा गोंधळ होतो. मॅक्लीन युद्धकाळात ब्रिटिश नौदलात होते.

प्रश्न : मूठभर माणसांनी रात्री किल्ल्यात शिरावे, हे आम्हां पन्हाळकरांना नवीन नाही. कोंडाजी फर्जंद आणि शिवा काशीद यांच्या कथा आमच्याकडे घरोघरी सांगितल्या जातात. मग आपल्याला या परदेशी चित्रपटाचे इतके अप्रूप का वाटावे?
(एक वाचक, पन्हाळा)

उत्तर : माझ्या समजुतीप्रमाणे, अप्रूप वाटते ते या कथा आपल्या रक्तात असल्यामुळेच. १६७३ मध्ये निवडक साठ माणसे घेऊन कोंडाजी फर्जंदांनी आदिलशाहीकडे असलेला पन्हाळा एका रात्रीत घेतला. त्या विजयावर जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले, आणि २०१८ मध्ये दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’ हा मराठी चित्रपट काढला. त्याच्याही कितीतरी आधी, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘बहिर्जी नाईक’ हा चित्रपट केला होता. हेरगिरीचे आकर्षण कोल्हापूरच्या प्रेक्षकाला परदेशातून आणावे लागलेले नाही.

तरीही दोन्हींत एक मूलभूत फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कोंडाजींच्या साठ जणांचे बळ परस्परांवरील विश्वासात होते. कडा चढताना वरचा माणूस हात देणार, याविषयी खालच्याला शंका नव्हती. स्मिथच्या तुकडीत हा विश्वासच नाही. सातांपैकी तिघे शत्रूचे आहेत आणि मोहिमेचा नायक उरलेल्यांनाही पूर्ण सत्य सांगत नाही. शत्रूच्या गडावर चढण्याचा थरार आपल्या ओळखीचा आहे, तर बरोबर चढणाऱ्याकडे पाठ करता येत नाही हा थरार अनोळखी. मराठी प्रेक्षक या चित्रपटात दोन्ही एकदम अनुभवतो.

शिवा काशीदांचे बलिदान मात्र मी कार्टराइट जोन्सच्या पंक्तीला बसवणार नाही. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा नेबापूरचे शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसले. पकडले गेलो तर काय होणार हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि तसेच झाले. चित्रपटातला तोतया जनरल हा भाडोत्री नसला तरी हुकमाचा ताबेदार असलेला घाबरट नट आहे; त्याला परत आणण्याची योजनाही तयार आहे. पन्हाळ्यावर परतीची कोणतीही योजना नव्हती. या प्रसंगावर, केवळ वेषांतराच्या त्या काही तासांवर, संपूर्ण लांबीचा संयत चित्रपट मराठीत व्हावा, अशी माझी जुनी इच्छा आहे.

प्रश्न : मेरी आणि हायडी या दोघी केवळ शोभेसाठी घेतल्या आहेत का?
(एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : नाही. मेरी यूर यांची मेरी नसती तर स्मिथ किल्ल्यात शिरूच शकला नसता. ती नोकरी मिळवून उजळ माथ्याने आत जाते आणि आतून दोर लावून देते. गेस्टापोचा मेजर फॉन हापेन तिच्याशी गोड बोलत तिच्या गावाविषयी एकेक प्रश्न विचारतो आणि एका चुकीच्या उत्तरावर हसू तसेच ठेवून थांबतो, तो प्रसंग मला गोळीबाराच्या कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक भीतिदायक वाटतो. इन्ग्रिड पिट यांची हायडी आधीपासून गावात पेरलेली हेर आहे. दोघींना लिहिलेले संवाद थोडे आहेत ही तक्रार मात्र मला मान्य आहे.

प्रश्न : माझा नातू सातवीत आहे. त्याला हा चित्रपट दाखवावा काय?
(एक आजोबा, मंगळवार पेठ)

उत्तर : अवश्य दाखवावा. हाणामारी भरपूर असली तरी ती रक्तरंजित तपशिलांत शिरत नाही, आणि बर्टन यांनी हा चित्रपट स्वीकारला तोही घरातल्या मुलांना पाहता येईल असे काही करावे म्हणून. एक गोष्ट मात्र त्याला आधी सांगून ठेवावी. तुकडीतल्या सर्वांना जर्मन उत्तम येते आणि किल्ल्यात ते जर्मनच बोलत आहेत असे गृहीत आहे. आपल्याला सगळे संवाद इंग्रजीत ऐकू येतात ही केवळ प्रेक्षकांसाठी केलेली सोय आहे. हे ठाऊक नसले की, पहारेकऱ्यांना हे परके कसे ओळखू येत नाहीत, असे मुले दर पाच मिनिटांनी विचारतात. दिवाणखान्यातला प्रसंग सुरू झाल्यावर मात्र त्याला काहीही समजावून सांगू नये. गोंधळ झालाच तर संपल्यावर तेवढा भाग पुन्हा लावावा.